साच्याचं वय

साच्यात माल अडकला की तो पितळी सळईनंच काढायचा. टूलरूममध्ये नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात ते हेच. पितळ मऊ, साच्याचं पोलाद कडक. हात घसरला तर पितळ चेपेल, साच्याला काही होणार नाही. १९८६ साली भोसरीतल्या एका कारखान्यात मी रात्रपाळीला होतो. पहाटे चारच्या सुमारास मिक्सरच्या भांड्याचं झाकण साच्यात अडकलं आणि पितळी सळई काही सापडेना. मशीन उघडं पडलेलं, ऑपरेटर माझ्या तोंडाकडे बघतोय, साचा थंड होत चाललाय. हाताशी स्क्रूड्रायव्हर होता. तो घातला, जरा नेट लावला आणि झाकण सुटलं. सुटताना ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. तो अजून कानात आहे.

कोअरवर, म्हणजे मालाची आतली बाजू घडवणाऱ्या साच्याच्या भागावर, तांदळाच्या कणीएवढा खड्डा पडला होता.

सकाळी सातला फोरमन आले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. मी काही लपवलं नाही. त्यांनी भिंग लावून खड्डा पाहिला, मग क्रेटमधलं एक झाकण उचलून त्याच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. साच्यात खड्डा पडला की मालावर तिथं उंचवटा येतो. “वेल्डिंग करून परत पॉलिश मारायचं तर साचा तीन दिवस उतरवावा लागेल,” ते म्हणाले. “पार्टी थांबायची नाही. आतली बाजू आहे, चालून जाईल. पण एक ध्यानात ठेव, हा साचा भंगारात जाईपर्यंत आता दर शॉटला तुझी सही उठणार.”

तीन-चार वर्षांनी चिपळूणला मावशीकडे गेलो होतो. ती चटणी वाटत होती, झाकण ओट्यावर उलटं पडलेलं. सहज बोट फिरवलं. सही होती.

मी जुन्या लष्करी किट्सचा संग्रह करतो असं कुणाला सांगितलं, की समोरचा विचारतो, “आर्मीत होतात का?” नव्हतो. लढायांच्या तारखाही मला धड पाठ नाहीत. चौतीस वर्षं मी साचे बनवले, दुरुस्त केले, त्यांच्या ट्रायल घेतल्या. विमानं आणि रणगाडे माझ्या घरात आले ते त्या झाकणाच्या वाटेनं.

किट म्हणजे सुट्या भागांचा संच. विमान किंवा रणगाडा पन्नास-शंभर तुकड्यांत प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेला असतो. तुकडे कापायचे, तासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि शेवटी चिन्हांची चिकटचित्रं, म्हणजे डिकल, पाण्यात भिजवून लावायची. जगभर हा पोरांचा खेळ होता आणि आता तो पोरांपेक्षा पेन्शनरांचा जास्त झाला आहे. त्यातही जुनी, बंद झालेली, न जोडलेली किट्स गोळा करणारी एक वेगळीच जमात आहे. मी तिच्यातला, पण जरा बाजूला बसणारा.

पहिलं किट हातात आलं ते १९७१ साली. माझे मामा बोटीवर होते. त्यांनी इंग्लंडहून एअरफिक्स कंपनीचं नॅट विमान आणलं. तेव्हा एअरफिक्सची लहान किट्स खोक्यात येत नसत. प्लॅस्टिकची पिशवी आणि वर घडी घालून पिना मारलेला चित्राचा कागद, एवढाच थाट. त्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध चालू होतं आणि खडकीला आमच्या चाळीत खिडक्यांना काळे कागद लावलेले होते. शत्रूची सेबर विमानं पाडणारं नॅट प्रत्येक पोराला माहीत होतं, आणि ते माझ्या हातात होतं. जोडायला बसलो तर आत दोन सीटा. वर्तमानपत्रातल्या नॅटला एकच पायलट. मला वाटलं, मामांना कुणीतरी फसवलं. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की एअरफिक्सनं काढलं होतं ते ब्रिटिश हवाई दलाचं प्रशिक्षणाचं, दोन आसनी नॅट. आपल्याकडे लढलं ते एक आसनी. ते किट मी इतक्या चिकटद्रावात बुडवलं की पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, एअरफिक्सनं पिशव्या बंद करून पारदर्शक ब्लिस्टर वेष्टनात किट्स द्यायला सुरुवात केली. आज तसलं पिशवीबंद नॅट, पिना न काढलेलं, मिळालं तर संग्राहक मागेल ती किंमत देतात. माझं घरगुती हल्ल्यात केव्हाच मोडलं.

मग शाळा, आयटीआय, अप्रेंटिसशिप, नोकरी. किट्स विसरूनच गेलो होतो.

१९९५ मध्ये कंपनीनं मला दोन आठवडे इंग्लंडला पाठवलं. मिडलँड्समधल्या एका टूलरूममध्ये आमच्यासाठी साचा तयार होत होता. त्याच्या ट्रायलला हजर राहायचं आणि पास करून आणायचा. मधल्या रविवारी घरमालकिणीनं मला कार बूट सेलला नेलं. मोठं ओलं मैदान, रांगेनं गाड्या आणि डिकी उघडून मांडलेला घरचा जुना बाजार. आपला पुण्याचा जुना बाजार बघितलेल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं, फक्त चिखल जास्त होता. एका म्हाताऱ्याच्या टेबलावर दोन खोकी होती. एकावर लिहिलं होतं ‘फ्रॉग’, दुसऱ्यावर ‘नोवो’. आत विमान एकच: व्हल्टी व्हेन्जन्स. दोन-दोन पौंडांना दोन्ही घेतली, ती नावामुळे नव्हे. म्हाताऱ्याच्या नकळत मी दोन्ही खोक्यांतले पंख काढून कडेवरून बोट फिरवलं होतं.

त्या रात्री खोलीतल्या टेबललॅम्पखाली दोन्ही किट्स शेजारी मांडली. रनरची, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीची, वळणं तीच, माल साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे त्याच जागी. साचा एकच होता. पण फ्रॉगच्या पंखाची कड स्वच्छ, धारदार. आणि नोवोच्या कडेला पापुद्र्यासारखा प्लॅस्टिकचा पातळ पदर. आम्ही त्याला फ्लॅश म्हणतो. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात ती रेघ झिजली, किंवा साचा नीट आवळला गेला नाही, की वितळलेलं प्लॅस्टिक त्या फटीतून डोकावतं. म्हणजे एका खोक्यात तरुण साच्याचा माल होता आणि दुसऱ्यात त्याच साच्याच्या उतारवयातला. मला एकदम अण्णांचा अंगठा आठवला.

दुसऱ्या दिवशी ब्रिटिश टूलरूममधल्या एका मिस्त्र्याला दोन्ही दाखवली. तो हसला आणि म्हणाला, मधल्या काळात तो साचा रशियाला जाऊन आलाय. मला ती थट्टा वाटली. निम्मी थट्टाच होती: साचा गेला हे खरं, आला हे खोटं.

फ्रॉग हे ब्रिटिश नाव फार जुनं. लंडनच्या लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या बड्या घराण्याच्या छत्राखाली इंटरनॅशनल मॉडेल एअरक्राफ्ट नावाची कंपनी ते वापरत होती. तिनं १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ या नावानं १/७२ मापाची न उडणारी विमानं काढली. फ्रॉग म्हणजे रबरावर उडणारी, म्हणून न उडणाऱ्यांना पेंग्विन. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची विमानं जगात पहिल्यांदा बाजारात आली ती हीच. ती सेल्युलोज ॲसिटेटची होती, आणि ॲसिटेट हे मोठं बेइमान प्लॅस्टिक. ते हवेतला ओलावा घेतं, सोडतं, आकसतं, पिळतं. म्हणून आज पेंग्विन सापडलं तरी त्याचे पंख बहुधा उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखे वळलेले असतात. युद्धानंतर पॉलिस्टायरिन आलं आणि हा प्रश्न मिटला. १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्स कोसळली. फ्रॉगचा गाडा मार्गेट गावातल्या कारखान्यात आणखी काही वर्षं ओढला गेला आणि १९७६ च्या सुमारास थांबला.

इथून पुढची हकीकत कुठल्याही साचेवाल्याला झोप येऊ देणार नाही. फ्रॉगचे साचे सोव्हिएत संघाला दिले गेले. साच्यांची किंमत रशियनांनी रोख पैशात न देता मालात फेडायची, म्हणजे त्याच साच्यांतून काढलेली किट्स ब्रिटनला पाठवायची, असा सौदा. ती किट्स ‘नोवो’ नावानं विकली गेली. पण रशियनांनी सगळे साचे घेतले नाहीत. जर्मनी, जपान, इटली यांच्या विमानांचे साचे त्यांना नको होते. ज्या युद्धात त्यांची कोट्यवधी माणसं गेली त्या युद्धातल्या शत्रूची विमानं पोरांना खेळायला द्यायची नव्हती. ते साचे रेव्हेल कंपनीकडे गेले. म्हणजे मार्गेटच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी बसणारे साचे युद्धातल्या बाजूंप्रमाणे वेगळे झाले, आणि तेही युद्ध संपून तीस वर्षं उलटल्यावर.

१९८० मध्ये ब्रिटनमधला विक्रेता बुडाला, नोवो नाव संपलं; साचे मात्र तिकडेच राहिले. दोनेत्स्कसारख्या ठिकाणच्या खेळण्यांच्या कारखान्यांतून ते पुढेही माल काढत राहिले. साध्या पातळ खोक्यात, कधी विमानाचं नावही न छापता. असं एक खोकं माझ्याकडे आहे. प्लॅस्टिक ठिसूळ, रंग धुणं भिजवलेल्या पाण्यासारखा, फ्लॅश इतका की भाग कुठला आणि पापुद्रा कुठला ते कात्री घेऊन ठरवावं लागतं. बाजारात त्याला फारशी किंमत नाही. माझ्या कपाटात ते फ्रॉगच्या शेजारी आहे, कारण त्याच्याशिवाय फ्रॉगचं खोकं वाचताच येत नाही.

व्हेन्जन्सचं आणखी एक नातं मला नंतर समजलं. हे अमेरिकन बनावटीचं, सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान. वरून पाहिलं तर पंखांची मागची-पुढची कड वेडीवाकडी, कुणीतरी दोनदा विचार बदलून काढल्यासारखी. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन हेच विमान उडवत होत्या. चिखलातल्या मैदानावर बोटानं कड तपासून जे विमान मी उचललं, ते आपल्याच माणसांनी उडवलेलं निघालं.

त्यानंतर मी किट्स गोळा करायला लागलो. पुण्यातला जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, परदेशी जाणारे सहकारी, आणि पुढे इंटरनेट. नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या टेलफर्डला प्लॅस्टिक मॉडेलवाल्यांच्या संघटनेचं मोठं प्रदर्शन भरतं. निवृत्तीनंतर मुलाकडे गेलो असताना तिथं एकदा जाऊन आलो. मोठमोठी दालनं, आणि माझ्यासारखीच टक्कल पडलेली माणसं खोक्यांची झाकणं उघडून आत वाकलेली. सगळे डिकल बघतात, माहितीपत्रक बघतात, खोक्याचे कोपरे दबलेत का ते बघतात. मी भाग उलटा करतो. मालाची आतली बाजू खोटं बोलत नाही.

तसं बघायला शिकलं की जुनं किट बोलू लागतं. जुन्या विमानांच्या पंखांवर रिव्हेटचे टपोरे दाणे आणि पत्र्याच्या जोडांच्या उंच रेघा असतात. हल्लीचे हौशी लोक त्यावर हसतात. खऱ्या विमानावर जोड खोलगट असतो, उंच कसा, म्हणतात. त्यांचं खरं आहे. पण साचा मालाच्या उलटा असतो. मालावर उंच रेघ हवी तर साच्यात नुसती खाच मारायची; हातातल्या सुईनंही जमतं. मालावर खोल रेघ हवी तर साच्यात उंच धार ठेवायची, म्हणजे धारेच्या दोन्ही बाजूंचं सगळं पोलाद खरवडून काढायचं. पन्नास-साठच्या दशकांत लाकडाचा किंवा रेझिनचा मोठा नमुना करून, पँटोग्राफच्या दांडीनं तो गिरवत, लहान मापात साचा कोरला जाई. त्या कामात केसाएवढी धार उभी ठेवणं म्हणजे कारागिराचा छळ. म्हणून रेघा उंच आल्या. पुढे स्पार्क मशीन आलं. तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड घडवायचा, त्यावर हवी ती खाच मारायची आणि ठिणग्यांनी पोलाद झिजवत तो साच्यात उतरवायचा. इलेक्ट्रोडवरची खाच साच्यात आपोआप धार होऊन उभी राहते. मी स्वतः पंधरा वर्षं स्पार्कवर बसलो आहे. त्यामुळे एखाद्या पंखावरची सुबक खोल रेघ बघितली की मला रॉकेलसारखा वास येतो, त्या मशीनच्या तेलाचा.

तीच गोष्ट तोफेच्या तोंडाची. जुन्या किटमधल्या तोफेला भोक नसतं, नुसती भरीव दांडी. ते दुर्लक्ष नव्हतं. साचा दोनच बाजूंना उघडतो. आडवं भोक हवं तर बाजूनं सरकणारी कोअर लागते, आणि तिचा खर्च दोन शिलिंगांच्या खेळण्याला परवडत नव्हता. छोट्या पायलटचे हात मांडीला चिकटलेले असतात तेही याचसाठी. हात सुटा ठेवला तर साच्यात अडकणारी खाच, म्हणजे अंडरकट, होईल आणि बिचारा साच्यातून बाहेर यायचाच नाही.

जपानी किट्सकडे मी उशिरा वळलो. शिझुओका शहरातली तामिया ही मुळात लाकडाची वखार. लाकडी मॉडेलं करता करता ती प्लॅस्टिककडे आली आणि १९६० मध्ये यामातो युद्धनौका काढून तोंड पोळून घेतलं. नंतर जर्मन पँथर रणगाडा काढला, मोटरवर चालणारा. त्याचं माप आलं १/३५, आणि आज जगभरचे बरेचसे रणगाडे याच विचित्र मापात निघतात. का १/३५? इतिहास वगैरे काही नाही. पोटात मोटर आणि दोन सेल मावायला हवे होते, ते मावतील एवढा रणगाडा केला, नंतर मोजलं तर ते माप निघालं. कंपनी पुढे चालवणाऱ्या शुन्साकु तामिया यांनी ही गोष्ट स्वतःच सांगून ठेवली आहे. साचे बाहेरून करून घेताना या कंपनीच्या नाकी नऊ आले, तेव्हा तिनं स्वतःचा साचेविभाग उभा केला. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडे डिलिव्हरीसाठी रडकुंडीला येणाऱ्या पार्ट्या आठवल्या, आणि थोडी लाजही वाटली.

या नादात एकदा चांगलाच फसलो. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून एका ब्रिटिश विमानाची ‘पहिली आवृत्ती’ मागवली. निवृत्तीच्या पैशातला बरा हप्ता त्यात गेला. खोकं अस्सल होतं, छपाई जुनी, कागदाला तो जुना वास. घरी कुणी नसताना, देवघरातलं काही उघडावं तसं उघडलं. आतला पंख हातात घेतला आणि पोटात खड्डा पडला. कडेला फ्लॅश. तरी मन मानेना. माझ्याकडे त्याच विमानाचे आधीचे दोन शॉट, म्हणजे त्याच साच्यातून निघालेले दोन संच, होते, एक लवकरचा, एक उशिराचा. तिन्ही शेपट्या उलट्या करून भिंगाखाली धरल्या. उशिराच्या शॉटमध्ये आतल्या बाजूला मोहरीएवढा उंचवटा होता, लवकरच्यात नव्हता. नव्या, महागड्या शेपटीवर तो होता. म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी पाळीला साच्यात पोलादी हत्यार घातलं, त्यानंतरचा हा माल. तो जुन्या रिकाम्या खोक्यात भरून मला विकला होता.

विक्रेत्याला पत्र लिहिलं, फोटो पाठवले. उत्तर आलं, की असला उंचवटा म्हणजे पुरावा होत नाही. मी वाद सोडला. खरं सांगायचं तर पैसे गेल्याचं दुःख दोन दिवस टिकलं; त्या उंचवट्याचा आनंद अजून टिकून आहे. इतक्या लांबच्या, अनोळखी माणसाशी माझी अशी ओळख पटेल असं मला वाटलं नव्हतं. त्यालाही बहुधा पितळी सळई सापडली नसेल.

पुण्याच्या हवेत हा संग्रह सांभाळणं म्हणजे रोजचं काम. पावसाळ्यात खोक्यांना बुरशी धरते, माहितीपत्रकांना कसर लागते. डिकल पिवळ्या पडतात. त्या पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवल्या की उन्हानं पुष्कळशा पांढऱ्या होतात. आमच्या हॉलच्या खिडकीला उन्हाळाभर परदेशी हवाई दलांची चिन्हं लटकलेली असतात. शेजारीण विचारते, मुलाचा प्रोजेक्ट आहे का. खरा शत्रू मात्र वेगळाच. रणगाड्याचे पट्टे मऊ व्हिनाइलचे असतात. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरिनला खातं. तीस वर्षं सीलबंद राहिलेलं एक रणगाड्याचं किट मी उघडलं, तर पट्टे ज्या भागावर टेकले होते तिथं प्लॅस्टिक मेणासारखं वितळून त्यात पट्ट्याची नक्षी उमटली होती. खोकं चकचकीत, सेलोफेन अभंग, आणि आत हा प्रकार. तेव्हापासून घरात खोकं आलं की पहिलं काम: पट्टे आणि टायर वेगळ्या पिशवीत.

म्हणजे सील तोडणं आलं. माझा मुलगा हिशेबी आहे. “बाबा, सील तोडलंत की किंमत निम्मी,” तो म्हणतो. बाजाराच्या हिशेबानं त्याचं बरोबर आहे. संग्राहकांत सीलबंद खोक्याला मान फार, आणि आत काय आहे हे न बघता लोक ती एकमेकांना विकत राहतात. माझ्या धंद्यात मात्र ट्रायल न घेतलेल्या साच्याचं बिल पास होत नाही. मी प्रत्येक खोकं उघडतो, प्रत्येक भाग मोजतो, आणि वहीत लिहितो: फ्लॅश कुठे, सिंक म्हणजे आकसून पडलेला खळगा कुठे, पिनांचे ठसे खोल की उथळ, कुठे डाग, कुठे भर. एकशे बारा किट्सची ही वही झाली आहे. सौ. म्हणते, ही किट्सची जन्मपत्रिका. मी म्हणतो, जन्माची नाही, वयाची.

दोन वर्षांमागे नातवाला घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो. शर्मन, चर्चिल, व्हॅलेन्टाइन, सेंच्युरियन, पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन, सगळे झाडांच्या सावलीत उभे. त्याला सेंच्युरियन ओळखता आला, कारण घरी तामियाचा आहे. मी पॅटनजवळ थांबलो. त्याच्या बुरुजाचं पोलाद खरखरीत आहे, वाळूत ओतलेलं. ओतकामात साच्याचे भाग जिथं मिळतात तिथं रेघ राहते, हे मला माहीत होतं, पण ते मोठ्या बुरुजावर शोधावं असं कधी सुचलं नव्हतं. नातवाचा हात धरून त्याची बोटं पोलादावरून फिरवली. “इथं बघ, पंखाला असते तशीच.” तो म्हणाला, “आजोबा, म्हणजे हा पण किटच?” तिथल्या जवानाला हसू आवरेना.

एअरफिक्सचं पुढं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. १९८१ मध्ये ती पहिल्यांदा बुडाली. साचे फ्रान्सला गेले, मालक बदलले. २००६ मध्ये पुन्हा बुडाली तेव्हा साचे फ्रान्समधल्या कारखान्यात अडकून पडले होते. हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीनं एअरफिक्स घेतली आणि ते सोडवून आणले. खोक्यांवरच्या चित्रांसाठी रॉय क्रॉस यांचं नाव आज प्रत्येक संग्राहकाला ठाऊक आहे. १९६४ ते १९७४ अशी दहा वर्षं त्यांनी ती रंगवली आणि ते मोठे चित्रकार होतेच. पण त्या खोक्यांतल्या विमानांचे साचे कुणी कोरले, त्यातला एकही माणूस मला नावानं माहीत नाही. आमच्या धंद्यात तशी रीतच नाही. मिक्सरच्या झाकणावर माझं तरी कुठं नाव होतं!

हॉर्नबीनं पुढे एअरफिक्सचं उत्पादन बरंचसं भारतात आणलं. २०१२ च्या सुमारास पुण्यातल्या एका दुकानात मी लाल खोकं उचललं, कडेला बारीक अक्षरांत छापलं होतं: मेड इन इंडिया. मामांनी बोटीवरून आणलेल्या पिशवीपासून चाळीस वर्षं झाली होती. दुर्मीळ वगैरे काही नाही, कुठंही मिळणारं किट. लगेच घेतलं, घरी येऊन उघडलं, भाग उलटे केले. फ्लॅश नव्हता. इजेक्टरचे ठसे समान. कुणीतरी मन लावून ट्रायल घेतली होती. वहीत त्याची नोंद आहे: ‘काम चोख.’ अण्णा असते तर एवढंच म्हणाले असते.

तुम्हाला कधी माळ्यावर, जुन्या बाजारात किंवा वारलेल्या काकांच्या कपाटात असं एखादं खोकं सापडलं, तर चित्र नंतर बघा आणि किंमत त्याच्याही नंतर. व्हिनाइलचे पट्टे असतील तर आधी बाजूला काढा. मग एक भाग उलटा करा आणि आतून बोट फिरवा.